विषय सोडून लिहिलेला निबंध

आमच्या संस्थेच्या दोन शाळा आहेत. एक अकोल्याच्या जुन्या शहरात आणि दुसरी आमची, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. नववीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर या दोन शाळा एकमेकींकडे तपासायला पाठवतात. आपल्या पोरांना आपणच मार्क द्यायचे नाहीत, म्हणजे कोणाला बोलायला जागा उरत नाही, असा त्यामागचा विचार. गठ्ठे एसटीने जातात. कोणी तरी शिपाई नाहीतर शिक्षक ते मांडीवर घेऊन बसतो आणि मूर्तिजापूरच्या स्टँडवर चहाला उतरलाच तर बरोबर घेऊन उतरतो. मुलांना यातलं काही सांगायचं नाही अशी पद्धत आहे. पेपर कोणाकडे गेले ते कळलं की आईबाप त्या गावी पोचतात, असा संस्थेचा जुना अनुभव आहे.

आमच्या मुलांचा मराठीचा पेपर अकोल्याचे सर तपासतात आणि त्यांच्या मुलांचा मी. प्रश्नपत्रिका एक वर्ष ते काढतात, एक वर्ष मी. सर माझ्याहून वयाने मोठे, निवृत्तीला आलेले. संस्थेच्या बैठकीत भेट व्हायची तेवढीच. तरी मला ते चांगले माहीत होते, कारण इतकी वर्षं त्यांची लाल शाई वाचत आले होते. उगाच मार्क देणार नाहीत आणि उगाच कापणारही नाहीत. दुसऱ्याच्या वर्गाचा पेपर म्हणून हात सैल सोडणारे पुष्कळ असतात, सर तसे नव्हते. मीही नाही. आमच्या दोघांच्या नावाने दोन्हीकडची मुलं सारखीच खडे फोडत असणार.

यंदा जानेवारीत, ज्या दिवशी आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं, त्याच दिवशी सकाळी माझे मिस्टर गेले. चहा घेतला, वर्तमानपत्र उघडलं आणि खुर्चीतच मान टाकली. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी काय ते सांगितलं. आम्ही अमरावतीला राहतो. मी शाळेत जायला निघतच होते, एवढं मला आठवतं. पुढचं फारसं काही आठवत नाही. लोक आले, त्रिशरण पंचशील झालं, त्यांना नेलं. नंतर त्यांच्या स्मरणार्थ जलदानाचा कार्यक्रम झाला, त्यात मी सगळ्यांना जेवायला वाढत होते म्हणतात. मुलगा पुण्याहून आला आणि सुट्टी संपल्यावर परत गेला.

दाढ काढायच्या आधी सुई देतात, तेव्हा गाल जागेवरच असतो पण आपला वाटत नाही. माझं तसं झालं होतं, फक्त गालापुरतं नाही. मला दुःख होत होतं असं मी म्हणणार नाही. काहीच होत नव्हतं. स्वयंपाक करत होते, एकटीपुरता भात लावत होते, तो बरोबर होत होता. नणंद रोज फोन करून म्हणायची की वहिनी, एकदा मोकळं रडून घ्या. मी म्हणायचे, बघते. जणू तिने एखादी साडी बघायला सांगितली होती.

फेब्रुवारीत मी कामावर हजर झाले. मधल्या काळात तासिका तत्त्वावर एक तरुण सर ठेवले होते. त्यांनी माझ्या नववीच्या वर्गाला निबंध लिहून दिले होते आणि पाठ करून घेतले होते. त्यात गॅदरिंगचा एक होता. मुलांनी तो मला आनंदाने म्हणून दाखवला. एरवी मी संतापले असते. पाठ केलेला निबंध म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास, असं मी वर्गात इतक्या वेळा बोलले आहे की मुलं माझी नक्कल करतात. पण तेव्हा म्हटलं, बरं. आणि पुढचा धडा उघडला.

एप्रिलच्या अखेरीस अकोल्याहून गठ्ठे परत आले. मी वर्गशिक्षिका, निकालपत्रक मीच तयार करायचं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर पत्रक होतं आणि एका मुलीच्या ओळीवर त्यांचं बोट होतं. ही मुलगी बाकी सगळ्या विषयांत निघाली होती, गणितातसुद्धा. मराठीत चार मार्कांनी गेली होती. मुख्याध्यापकांना याचं हसू येत होतं आणि रागही. घरची भाषा, आणि तिच्यातच नापास. मग ते मुद्द्यावर आले. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे असं संस्थेचं म्हणणं, आणि असं पोर वर्गात ठेवलं तर तो लागत नाही.

‘तिच्या मायले बोलवा मॅडम,’ ते म्हणाले, ‘अन् सतरा नंबर भरायले सांगा. उगाच आपल्या डोक्यावर काहून?’

सतरा नंबर म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. शाळेतून दाखला काढायचा, वर्गात यायचं नाही, घरी जमेल तसा अभ्यास करायचा आणि परीक्षेला तेवढं यायचं. कागदावर यात काही वाईट नाही. पण या मुलीचं घर मला माहीत होतं. माळ्याचं घर. गावाबाहेर थोडं वावर, त्यात झेंडू, शेवंती आणि मोसमाप्रमाणे भाजी. बाप दोन वर्षांपासून कंबरेने अधू, आई रोज फुलांच्या टोपल्या घेऊन अमरावतीला जाते. शाळा सुटली की दुसऱ्या दिवसापासून ही मुलगी त्या टोपल्यांमागे बसणार, आणि एकदा बसली की उठणार नाही. सतरा नंबर भरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यातल्या परीक्षेला आलेल्या फार थोड्या.

मी म्हटलं, पेपर पाहते आणि सांगते.

पेपर पाहिला. व्याकरण बरं होतं, कवितेचं रसग्रहण अर्धवट सोडलेलं, पत्र बरोबर. शेवटी निबंध. प्रश्नात चौकट होती, तिच्यात स्नेहसंमेलनाची सूचना, आणि खाली लिहिलं होतं की या कार्यक्रमाला तुम्ही उपस्थित होता अशी कल्पना करून प्रसंगलेखन करा. मुलीने दीड पान लिहिलं होतं. त्यावर तिरपी लाल रेघ होती. समासात आठपैकी शून्य आणि खाली सरांच्या नीटस अक्षरात दोन शब्द: विषयांतर. काल्पनिक.

पहिलं वाक्य असं होतं: ‘आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी उपस्थित नव्हते.’

पुढे तिने लिहिलं होतं की त्या दिवशी आईला ताप होता, म्हणून ती अमरावतीला दुकानावर बसली. सकाळी एक माणूस मोटारसायकलवर आला आणि त्याने पांढरी फुलं मागितली, होती तेवढी सगळी. हार पुरे झाले नव्हते, म्हणून तो म्हणाला की तू सोबतच चल आणि तिथेच बसून पुरे कर. शेजारच्या दुकानातल्या मावशीला सांगून ती मागे बसली. घराच्या दाराशी चपलांचा ढीग होता. ‘मी फुले द्यायला आले होते म्हणून चपला काढाव्या की नाही ते मला समजले नाही.’ आत गेल्यावर तिला कळलं की हे घर तिच्या मॅडमचं आहे आणि फुलं मॅडमच्या मिस्टरांसाठी आहेत.

मी वाचत गेले. मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. शाळेत येतात तशीच साडी, तशीच पिन. खांद्याला पर्स होती. एक बाई पर्स काढून घेत होती आणि मॅडम देत नव्हत्या. ‘पर्समधून डब्याचे झाकण दिसत होते.’ मुलीने कोपऱ्यात बसून हार पुरे केले. कोणीतरी ते उचलून नेले. ‘मग मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी घरी आले.’ निबंध इथे संपला होता.

मला यातलं काही माहीत नव्हतं. पर्सचं नाही, डब्याचं नाही, ही मुलगी माझ्या घरात बसून हार करत होती त्याचं तर नाहीच नाही. माझ्याच आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस मी एका नववीच्या पेपरात वाचत होते आणि त्यावर लाल रेघ होती. तरी रडू आलं नाही. मी पान उलटलं, मागे काही राहिलंय का ते पाहिलं, जसं कोणाच्याही पेपरात पाहते.

मग बाकीचे निबंध वाचले. जवळजवळ सगळा वर्ग एकाच वाक्याने सुरू झाला होता. सूर्य मावळतीला गेला होता आणि रंगीबेरंगी दिव्यांनी शाळेचे प्रांगण उजळून निघाले होते. हे त्या तासिकेवरच्या सरांचं वाक्य. आमचं गॅदरिंग दुपारी असतं. दरवर्षी. आसपासच्या गावांच्या मुलींना संध्याकाळची शेवटची गाडी गाठायची असते, त्यामुळे ऊन डोक्यावर असतानाच नाच होतात आणि मंडपाखाली पोरांना घेरी येते. आमच्या शाळेत दिवे लागलेलं गॅदरिंग कोणी पाहिलेलं नाही. या न झालेल्या संध्याकाळला कोणाला सहा, कोणाला साडेसहा मार्क होते. आणि खरं घडलेल्या दिवसाला शून्य, वर काल्पनिक.

राग आला असं म्हणवत नाही. पण खूप दिवसांनी काहीतरी खुपलं. शून्य मी मान्य केलं असतं. मीच तपासत असते तर मीही विचारात पडले असते, कारण चौकटीत जे विचारलं ते मुलीने लिहिलं नव्हतं हे खरंच होतं. पण ‘काल्पनिक’ हा शब्द मला सहन होईना. मी सरांना फोन केला. कशासाठी ते सांगितलं नाही, येते म्हटलं.

मे लागला होता. अमरावतीहून सकाळची गाडी धरली तरी अकोल्याला उतरेपर्यंत डांबर मऊ झालं होतं. मोर्णेच्या पुलावरून ऑटो पलीकडे गेला, जुन्या शहराच्या गल्ल्यांत शिरला आणि एका ठिकाणी थांबला, पुढे जागा नव्हती. तोंडाला दुपट्टा बांधून मी उरलेली गल्ली चालले. सरांनी दार उघडलं, आधी पाणी दिलं, मग म्हणाले की एवढ्या उन्हात यायचं एवढं काय अडलं होतं, फोनवर सांगितलं असतं. मिस्टरांबद्दल दोन शब्द बोलले. जानेवारीत सर भेटायला आले नव्हते, त्यांची तब्येत बरी नव्हती. मी मान हलवली.

बरोबर आणलेल्या गठ्ठ्यातून तिचा पेपर काढून त्यांच्यापुढे ठेवला. मुलीची हकिगत सांगितली, सतरा नंबरचं सांगितलं, चार मार्कांचं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी त्यांची बाजू मांडली, आणि ती बाजू वाईट नव्हती. दरवर्षी दोन-चार मुलं अशी असतात की एकच निबंध पाठ करून येतात आणि विचारलं काहीही असो, तोच खपवतात. यंदा आमच्याच गठ्ठ्यात एकाने गॅदरिंगच्या जागी मोबाईल शाप की वरदान लिहून ठेवलं होतं. अशांना सोडलं तर ज्यांनी विचारलं तेच लिहिलं, त्यांच्यावर अन्याय होतो. या मुलीचंही त्यांना तसंच वाटलं. मॅडमच्या घरी मरण, खांद्याला पर्स, डब्याचं झाकण. एखाद्या गाईडमधला करुण प्रसंग उचलला असेल असं त्यांना वाटलं. कोणी पोरगी स्वतःहून असं लिहीत नाही.

मी दिव्यांचं काढलं. म्हटलं, सर, आमच्याकडे गॅदरिंग दुपारी असतं. ज्यांना तुम्ही सहा दिले त्यांनी पण खोटंच लिहिलं.

‘प्रश्नात कल्पना करा म्हटलं होतं मॅडम,’ सर म्हणाले. ‘त्यायनं कल्पना केली. आता ती दुसऱ्या कोणाची होती, ते मले दिसते, तुमाले दिसते. पण त्याचे मार्क कापाचा नियम कोठी आहे?’

तीस वर्षं मी पेपर तपासते आहे आणि पाठ केलेल्या खोट्याला मार्क कसे कापायचे ते मला कोणी शिकवलेलं नाही. विषय सोडला तर कापता येतात. विषय धरून काहीच सांगितलं नाही तर कापता येत नाहीत.

मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. म्हटलं, सर, ती मॅडम मी आहे.

सरांनी पेपर पुन्हा उचलला, पण वाचला नाही, नुसता धरला. आतल्या खोलीत कूलरचा आवाज येत होता. मी सांगत राहिले, माझा आवाज अगदी हजेरी घेतानाचा होता. म्हटलं, मुलीने कल्पना केलेली नाही. मला तो दिवस आठवत नाही, त्यामुळे पर्सची साक्ष मी देऊ शकत नाही. पण घर माझं आहे, खुर्ची माझी आहे, आणि नणंदेला फोन करून मी पर्सचं विचारलं, ते खरं आहे. मार्क तुम्हाला द्यायचे ते द्या. तो शब्द तेवढा खोडा.

पेपर खाली ठेवून सर म्हणाले, ‘मंग तर तुमी याच्यात पडूच नका.’

त्यांचं बरोबर होतं. हे मला गाडीतच कळलं होतं. ज्या निबंधात मी आहे त्याच्यासाठी मार्क मागायला मीच आले होते. याच कारणाने तर पेपर मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला येतात. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याची संस्थेकडे तक्रार केली असती. मी उठले आणि म्हटलं की मी निघते, तुम्ही तुमचं ठरवा.

ते म्हणाले, निघू नका, ऊन आहे, वर जाऊन बसा. वर त्यांच्या सौभाग्यवती गच्चीवरच्या सावलीत सरगुंडे करत होत्या, कणकेचा लांब दोर काडीवर गुंडाळत आणि वाळत घालत. मला बघून त्यांनी एक काडी माझ्या हातात दिली. मी गुंडाळत बसले. हात आपोआप चालत होते, माझी आई करायची तसे. खाली सर काय करत असतील याचा मी विचार केला नाही. विचार करायचा म्हटलं की डोक्यात भिंत यायची, ती महिनोन् महिने तशीच होती.

खाली बोलावणं आलं तेव्हा माझ्या वर्गाचे सगळे पेपर सरांपुढे उघडे होते. गठ्ठ्यातले विषय सोडून लिहिलेले तीन निबंध त्यांनी वेगळे काढले होते, मोबाईलवाल्याचाही त्यात होता. एकीला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, असं ते करणार नव्हते. त्यांनी आठ मार्कांचे भाग पाडले होते. विषयाचे निम्मे, उरलेले भाषा, मांडणी आणि क्रम यांचे. विषयाचे तिघांनाही शून्य. उरलेल्यातून मोबाईलवाल्याला एक, दुसऱ्या मुलाला दीड. या मुलीला चार.

‘विषयाचं मी काही दिलं नाही,’ सर म्हणाले. ‘ते देता येत नाही. पण प्रसंग सांगाची रीत जशी पायजे तशी आहे, कुठी शब्द जास्त नाही. याच्यात मले कापाले काही भेटलं नाही. शेवट तेवढा अर्धा वाटते. पोरीनं काहीतरी गिळलं तिथी.’

‘काल्पनिक’ त्यांनी खोडला होता आणि खोडल्यावर सही केली होती. तिन्ही पेपरांवर मार्क बदलल्याचं कारण लिहिलं होतं, उद्या संस्थेने विचारलं तर. मला वाटलं होतं की मी त्यांचे आभार मानेन. मानले नाहीत. त्यांनीही तशी अपेक्षा केली नाही. निघताना त्यांच्या सौभाग्यवतींनी सरगुंड्यांची पिशवी हातात दिली, उन्हात वाळवून घ्या म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी बदललेले मार्क पाहिले, सही पाहिली, नाक मुरडलं. काठावर पास, म्हणाले. मी म्हटलं, काठ म्हणजे आतच. निकालपत्रकावर त्यांनी सही केली. मुलगी दहावीत गेली.

निकाल लागल्याच्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिला वाटलं असणार की आपण नापासच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीला तिच्या आईच्या दुकानावर गेले. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला गोणपाट आणि त्यावर झेंडूचा ढीग. आई सुई-दोरा घेऊन ओवत होती, मुलगी पाण्यात बोटं बुडवून फुलांवर शिंपडत होती. मला पाहून दोघी उभ्या राहिल्या. मी निकाल सांगितला. आईने हात जोडले. मुलीने ओले हात ओढणीला पुसले.

मी तिला म्हटलं की पास झालीस ते झालीस, पण निबंधात विषय सोडला होतास. दहावीत बोर्डाचा पेपर कोण तपासेल ते माहीत नाही, तिथे असं चालणार नाही. चौकट नीट वाचायची. मी अगदी मास्तरीण होऊन बोलत होते, रस्त्यावर उभी राहून.

‘मॅडम, विषय समजला होता मले,’ ती म्हणाली. ‘गॅदरिंगचा निबंध पाठ बी होता.’

मग तो का नाही लिहिला, असं मी विचारलं. तिने आईकडे पाहिलं. आई ओवायला बसली होती.

‘तुमीच तं म्हटलं होतं. त्या दिवशी, तुमच्या घरी. माह्याकडे पाह्यलं अन् म्हटलं, आज गॅदरिंग आहे, तू गैरहजर काहून? उद्या लिहून आणजो म्हटलं.’

माझ्या वर्गाचा हा नियम आहे. न सांगता गैरहजर राहिलेल्याने दुसऱ्या दिवशी कारण लिहून आणायचं, त्याशिवाय बाकावर बसायचं नाही. कारण खरं पाहिजे, मग ते कसंही असो, मी ऐकून घेते. मुलं याला घाबरतात. समोर मिस्टरांना ठेवलेलं असताना मी खुर्चीवर बसून, खांद्याला पर्स लावून, त्या मुलीला हे सांगितलं होतं.

‘दुसऱ्या दिवशी तुमी आल्याच नाही,’ ती सांगत होती. ‘मंग आल्या तं तुमी इचारलं नाही. मले द्यावं कसं, ते समजे ना. पेपरात गॅदरिंगच आलं, तं मी लिवून टाकलं. पेपर तं तुमीच तपासता ना मॅडम?’

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते.

‘चालते का ते कारण?’

‘चालते,’ मी म्हटलं. मग मी तिला विचारलं की त्या दिवशी मी अजून काही बोलले होते का. ती पुन्हा आईकडे बघायला लागली. मी म्हटलं, सांग, मला आठवत नाही. मला पाहिजे आहे ते.

‘मी रडाले लागली होती,’ ती म्हणाली. ‘तं तुमी म्हटलं, हळू. मिस्टर झोपले हायेत.’

ते मी पेपरात नाही लिवलं, असंही ती म्हणाली.

मी खाली बसले, फुलांच्या ढिगाशेजारी, लोक येत-जात होते तरी. तिच्या आईने गोणपाटाचा कोपरा माझ्याकडे सरकवला. जानेवारीपासून पहिल्यांदाच मी रडले, मोठ्याने, आणि त्या वेळी मला कोणी हळू म्हटलं नाही.